आईच्या पत्राला कॉफीचा वास

१२ सप्टेंबर, बुधवार

प्रिय ताई,

चिकट्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो, आणि भाऊजींचं पथ्य अजून टिकून आहे की मोडलं, ते कळव. तुझं पत्र आणि त्यासोबत दुरुस्तीला पाठवलेलं आईचं पत्र, दोन्ही मागच्या गुरुवारीच मिळाली. कामाची गर्दी होती असं लिहिणार होतो, पण तुझ्यापुढे ती थाप चालणार नाही.

आईचं पत्र घड्यांवर फाटायला आलंय, तू ते परक्या कोणाकडे दिलं नाहीस, बरं केलंस. बुकबाइंडर भाऊ आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडायला हवा. आणि पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "हवा दमट झाली की या कागदाला कॉफीचा वास का येतो रे? आई तर जन्मभर चहा प्यायली." सांगतो. जरा दमाने घे.

आमच्या दुकानाच्या खाली एक कॉफीवाला आहे. दिवसभर तो कॉफी गाळतो आणि संध्याकाळी उरलेला चोथा डबा भरून मला देतो. लोक टाकून देतात, मी घरी नेतो. तुझी भावजय म्हणते, या घरात माणसांपेक्षा चोथा जास्त झालाय. पण ताई, फार कामाची चीज आहे ती. पसरून खडखडीत वाळवायचा मात्र, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. हात सरसाने बरबटले की चिमूटभर चोथा आणि साबण घेऊन चोळायचा, हात लख्ख. तुम्ही ज्यावरून मला चिकट्या म्हणायचात ती बोटं आता बघशील तर ओळखणार नाहीस. फ्रिजमध्ये वाटीभर ठेवला तर लसणाचा वास जातो. बाबांच्या काळ्या टेबलावरचे ओरखडे ओल्या चोथ्याने असे बुजवलेत की शोधून दाखव. तुझ्या भावजयीला सुया टोचून ठेवायला उशी करून दिली, आत वाळका चोथा भरून. सुया गंजत नाहीत म्हणते, म्हणजे मनातून खूश आहे.

फजितीही झाली. मोरीत ओतला तर पाइप तुंबला, आणि प्लंबरने मला शाळकरी पोराला सुनवावं तसं सुनवलं. कुंडीत जाड थर दिला तर वर खपली धरली, पाणी खाली जाईना, रोप गेलं. आता मातीत थोडाच मिसळतो.

हे सगळं मी का लिहितोय? तू ओळखलं असशीलच. लहानपणीही मार चुकवायचा असला की मी अशीच बडबड करायचो.

चोथ्याचा अजून एक उपयोग आहे. जुन्या पुस्तकाचं पान हरवलं की आम्ही नवं घालतो, आणि ते पांढरं पान मध्येच डोळ्यांत खुपतं. मग चोथा उकळायचा, पाणी गाळून थंड करायचं, कागद त्यात बुडवून सावलीत वाळवायचा. एका दिवसात तो वीस वर्षांचा म्हातारा होतो. पांढरेपणा जातो, कॉफीचा वास मात्र कधीकधी मागे राहतो.

ताई, ते पत्र आईचं नाही. मी लिहिलंय.

शाळेत तुझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही कोण करायचं, आठवतंय ना? तोच हात. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू आलीस आणि तिच्या कपाटापुढे जमिनीवर बसलीस. अकरा वर्षं ती तुझ्याशी बोलली नव्हती. तू रडलीसुद्धा नाहीस, एवढंच म्हणालीस, "माझ्यासाठी एक अक्षरही नाही?" मला ते सहन झालं नाही गं. चार दिवसांनी मी पत्र 'सापडलं' म्हणून तुझ्या हातात दिलं. "हट्ट माझा होता, तू सुखात राहा," हे वाक्य माझं. तुला ते पाठ आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

आताही उघडलं नसतं, खरं सांगतो. दुरुस्तीला आलेलं ते पत्र खायच्या सोड्याच्या डब्यात चार दिवस बंद करून ठेवलं. वास गेला. घड्यांना मागून पातळ कागद लावला, जोड दिसतसुद्धा नाही. परत पाठवायला पाकीट बांधून तयार होतं. जाता जाता तुझं पत्र पुन्हा वाचलं.

माझ्या भाचीने डॉक्टरकी अर्धवट सोडून बेकरीत नोकरी धरली, म्हणून दीड वर्ष तू तिच्याशी बोलत नाहीस. तिचे फोन घेत नाहीस. आणि लिहितेस, "मला घाई नाही. आईनेही वेळ घेतला, पण शेवटी लिहिलंच ना? मीही लिहीन शेवटी."

ताई, आईने नाही लिहिलं.

तुझं बरं व्हावं म्हणून केलं आणि तू त्यातून हे शिकलीस. शेवटी सगळं होतं, थांबलं तरी चालतं. ते खोटं आहे, आणि ते मी माझ्या हाताने रंगवून तुला दिलंय. लाज वाटते.

आता खरं तेवढं सांगतो. कपाटात पलंगपोसांच्या घडीत मला सात पाकिटं मिळाली होती. सातही पाकिटांवर तुझं नाव, तुझा पत्ता, आईच्या अक्षरात. तू दोनदा घर बदललंस, तिने दोन्ही वेळा नवा पत्ता मिळवला. मला विचारला नाही, कोणाला विचारला देव जाणे. तिकिटंही लावलेली. आत काहीच नव्हतं. पत्ता लिहायची आणि पुढे हात चालायचा नाही. रिकामी पाकिटं तुझ्या हातात ठेवायची माझी हिंमत झाली नाही. एक वापरलं, म्हणून तुझ्याकडचं पाकीट खरं आहे. ते पिवळं पडलं होतं, त्याच्याशी जुळावा म्हणून आतला कागद चोथ्यात बुडवला. उरलेली सहा सोबत पाठवतोय. ती तुझीच होती.

माझ्यावर राग धर, हवा तितका धर. पत्र फाडलंस तरी माझी तक्रार नाही, तसाही दुरुस्त करणारा मीच. पण तुझा राग माझ्यावर काढ, पोरीवर नको.

सहा पाकिटांखाली एक सातवं, नवं पाकीट आहे. त्यावर भाचीचा पत्ता आहे, माझ्या स्वतःच्या अक्षरात, जसं आहे तसं वेडंवाकडं. तिकीट लावलंय. या वेळी आतलं मी लिहिणार नाही.

तुझा,
सही फक्त स्वतःची करणारा
चिकट्या