मागून अजून जरा

प्रिय फेस्टस,

तुझ्या अंत्यविधीपासून मी केस कापलेच नाहीत. आज-उद्या करत हिवाळा सरला. आंघोळीला म्हणून उठायचो आणि चहा करून पुन्हा शेगडीपाशी बसायचो.

काल शेजारची नोरा कुंपणापाशी थांबली. "कोलमन, मेंढ्यांची लोकर तेवढी वेळेवर कातरतोस! त्यांच्यात उभा राहिलास तर ओळखू यायचा नाहीस रे." आणि तिनेच गाडीत घालून मला क्लिफडन गावात, न्हाव्याकडे नेलं.

सलूनच्या खुर्चीत मी जन्मात पहिल्यांदा बसलो. लहानपणापासून तूच कापायचास, आपल्या स्वयंपाकघरात, माझ्या खांद्यावर पिठाची रिकामी गोणी टाकून.

न्हाव्याने विचारलं, "कसे कापू, काका?"

"माझा भाऊ कापायचा तसे."

"म्हणजे कसे?"

"सारखं बोलत," मी म्हणालो.

तो हसला नाही. कात्री उचलून सांगू लागला, त्याच्या कुत्र्याने पाद्रीबाबांच्या टेबलावरून भाजलेली कोंबडी कशी पळवली ते. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

"झालं, काका."

"मागून अजून जरा कापा," मी म्हणालो. मागे कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा कात्री चालवली, आणि कुत्र्याची दुसरी गोष्ट सुरू केली.

तुझाच,
कोलमन