मामाच्या फोटोशेजारची जागा

मंगळवार, १४ मे

संपलं. मेडिकल कॉलेजचं पत्र आलं — शरीररचनेत दुसऱ्यांदा नापास, नाव कमी केलं. दोन वर्षं पाण्यात! पत्र तीनदा वाचलं आणि बुटाच्या खोक्यात दडवलं. खालून आईची हाक आली, "डॉक्टरीणबाई, जेवायला या." गेले. राजमा-भात खाल्ला. काय करणार!

रविवार, १९ मे

आमच्या काळ्यांच्या चर्चमध्ये कुणी सुखाने बसू देईना. मदर ओडेसा — आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, एक्याण्णव वर्षांच्या — माझा हात धरून विचारत होत्या, गुडघा दुखतो, कुठली गोळी घेऊ? मी म्हटलं, शेकून बघा. लाज वाटली.

दोन जूनला शिकणाऱ्या मुलांच्या कौतुकाचा रविवार. यंदा माझा फोटो चर्चच्या भिंतीवर लागणार, लुशियस मामाच्या शेजारी. मामा शिकागोत इंजिनियर, आमच्या चर्चमधला पहिला. लहानपणी एक मार्क कमी पडला तरी आई मला त्या फोटोसमोर नेऊन उभी करायची.

शुक्रवार, २४ मे

त्या रविवारचं पत्रक छापून आलं. तीनशे प्रती. त्यात 'डॉक्टर केटुरा बँक्स'! अजून झाले नाही हो, म्हटलं, तर पत्रक छापून आणणाऱ्या व्हर्लीनबाई हसल्या. म्हणे, आपल्याकडे पांढरा कोट अंगावर चढला की डॉक्टरच. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात शिरताना समारंभाने कोट मिळाला तेव्हापासून सगळे तसंच म्हणतात.

गुरुवार, ३० मे

आज सांगणारच होते. जिना उतरले, तर आई फोनवर मावशीशी बोलत होती. शेजारच्या मुलाने कॉलेज सोडलं, त्यावरून.

"गोऱ्यांचं पोर नापास झालं तर ते एकटं नापास होतं. आपलं झालं तर आपण सगळे."

पाणी पिऊन परत वर आले. भित्री कुठली!

शनिवार, १ जून

आई उद्यासाठी माझे केस सरळ करत होती. गॅसवर तापवलेला लोखंडी कंगवा. हलायचं नाही, कंगवा जवळ आला की कान दुमडून धरायचा — पाच वर्षांची होते तेव्हापासून हेच. पाठीमागे होती, चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला.

"आई, मला काढून टाकलंय. मी डॉक्टर होणार नाही."

कंगवा थांबला. तापल्या तेलाचा वास येत राहिला. मला रडूच फुटलं. बोल ना काहीतरी, शिव्या दे, मार — पण बोल!

"कान धर," ती म्हणाली. आणि दुसरी बाजू करायला घेतली.

रविवार, २ जून

नाव पुकारलं. उभी राहिले. सगळ्यांत आधी आईने टाळ्या वाजवल्या.

फोटो लावायच्या वेळी, खास शिकागोहून आलेला मामा जवळ आला. हळूच म्हणाला, "इंजिनियरिंग मीही दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. तुझ्या आईला ठाऊक आहे."

मग माझ्या फोटोचा खिळा त्यानेच ठोकला.