पंधराला यमक मिळेना

प्रिय मित्रा, आपल्या बाकाच्या डाव्या अर्ध्या भागाच्या मालका,

वाकून नमस्कार (पूर्ण वाकायला उजवा गुडघा परवानगी देत नाही, तेव्हा राहिलेले वाकणे तू मनाने पुरे करून घे). तुझा खोकला थांबला का? वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, असे आडून आडून कळले, फार बरे वाटले. मी ठीक आहे. आठ महिने आपण एकमेकांशी बोललो नाही आणि मीही हट्टाने कागद हातात धरला नव्हता. पण आज राहवेनाच! आनंद छातीत मावत नाही, आणि डॉक्टरांनी बजावले आहे की मावेल तेवढाच करा. मित्रा, मला माझी तारीख सापडली!

माझ्यावर चोरीचा खटला चालू आहे हे तुला ठाऊक आहेच (ठाऊक कसे नसेल!). आपल्या जुन्या शाळेतले सामान भंगारात जाणार म्हणून ऐकले. खिडकीजवळचा तिसरा बाक, ज्यावर बसून आपण कविता पाठ केल्या, तो कुणाच्या तरी चुलीत जाणार? भर दुपारी मी हातगाडी घेऊन गेलो, मागच्या दाराच्या फटीतून पट्टी घालून आतली कडी वर सरकवली (ही युक्ती मला इयत्ता पाचवीत कुणी शिकवली, ते मी जबानीत सांगितलेले नाही), आणि बाक घरी आणला. हातगाडीवाल्याने पोलिसांना माझा पत्ता अगदी आदराने सांगितला. झाले! पंचनामा झाला, निकालापर्यंत बाक माझ्याच ताब्यात राहिला, आणि मी आरोपी क्रमांक एक. क्रमांक दोन कुणी नाहीच, पण एक म्हटले की वर्गात पहिला आल्यासारखे वाटते.

आता माझी जुनी खोड तुला माहीत आहे. पाढे असोत, राजांच्या सनावळ्या असोत, आगगाडीची वेळ असो, पद्यात बसवल्याशिवाय माझ्या डोक्यात काही टिकत नाही. वकीलसाहेबांनी सांगितले, पुढची तारीख पंधरा. मी तिथेच व्हरांड्यात उभा राहून गुणगुणू लागलो. पण पंधराला यमक मिळेना! ‘कंदरा’ झाले, ‘बंदरा’ झाले, ‘सुंदरा’ पार ओठांवर आले होते, पण फौजदारी खटल्यात ते शोभेना. शेवटी तात्पुरते म्हणून असे केले:

मी तर आहे साधाभोळा,
हजर व्हावया तारीख सोळा.

घरी जाऊन दुरुस्त करू म्हटले. पण ओळी इतक्या गोड जमल्या होत्या की दुरुस्तीला हात धजेना, आणि दोन दिवसांत पंधरा मनातून पुसली गेली, सोळा तेवढी उरली.

सोळा तारखेला कोटाला इस्त्री करून दहालाच हजर! खोली क्रमांक सातच्या दाराला त्या दिवशीच्या खटल्यांची यादी डकवलेली असते. चष्मा लावून वाचली, काढून वाचली, मी कुठेच नाही. आत टेबलाशी कारकून बसला होता, त्याला विचारले. तो म्हणाला, “आजोबा, तुमची काल होती.”

“काल कशी असेल? माझ्या कवितेत आज आहे.”

“तुमची कविता आमच्या यादीत नाही,” तो फाइलीतून मान वर न काढता म्हणाला, “वॉरंट मात्र आहे. कालच निघालंय.”

शाळेत एकदाही अंगठे धरून उभा न राहिलेला मी, आता मला बेड्या घालणार! वकीलसाहेब धावत आले, अर्ज लिहिला, आणि मला न्यायाधीशबाईंपुढे उभे केले. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील, पण नजर आपल्या गणिताच्या मास्तरांची. गैरहजर का राहिलात, विचारले. मी खरे तेच सांगितले, “यमकामुळे.” वकीलसाहेबांनी बुटाने माझा पाय दाबला. पण बाई म्हणाल्या, “म्हणून दाखवा.” मी दाखवले, चालीत! कोपऱ्यातला शिपाई खोकल्याच्या मिषाने बाहेर गेला. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. म्हणाल्या, “ओळी बऱ्या आहेत. वॉरंट रद्द करते. पण पुन्हा चुकलात तर कविता ऐकणार नाही, सरळ कोठडी.” आणि नवी तारीख दिली.

ती वकीलसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिली. चिठ्ठी मी जपून कवितांच्या पाठ्यपुस्तकात ठेवली. कोणत्या कवितेपाशी, एवढेच विसरलो. मग शोधायला पहिल्या पानापासून बसलो. पण नुसती पाने कशी उलटायची? प्रत्येक कवितेपाशी थांबणे आले, डोळे पुसणे आले. तीन दिवसांत बावीस कविता झाल्या, चिठ्ठी नाही! वकीलसाहेब परगावी गेलेले. सूनबाई म्हणाली, “बाबा, कोठडीत उशी नसते.” (तिचा स्वभाव प्रेमळ आहे, फक्त तो बोलण्यात उतरत नाही.)

शेवटी नात आली आणि म्हणाली, आजोबा, खटल्याचा नंबर सांगा. नंबर मला पाठ होता (तो वृत्तात चपखल बसला होता!). तिने मोबाइलवर नंबर आणि वर्ष घातले, आणि मित्रा, जादू! माझे नाव, माझा गुन्हा, खोली क्रमांक सात, पुढची तारीख, सगळे समोर! छापलेले! आयुष्यभर दिवाळी अंकाला कविता पाठवल्या, छापून कधी आलो नाही. इथे एका बाकाने काम केले. आता रोज सकाळी मी तारीख बघतो, कारण ती बदलते म्हणे. तारखेच्या सकाळी खोलीच्या दारावरची यादी बघणार, सूनबाईने फ्रिजवर कागद चिकटवला आहे, आणि मी कवितापण केली आहे:

खोली सात.
तारीख एकवीस.
सकाळी साडेदहा.

यमक नाही, वृत्त नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी मुक्तछंद लिहिला, मित्रा! ज्याला जन्मभर नावे ठेवली, तोच मला कोठडीतून वाचवणार.

वहिनींना नमस्कार. खोकल्यावर गरम पाणी घेत जा.

तुझा,
उजव्या बाजूचा

ता. क. मोबाइलवर मागच्या तारखांचीही नोंद दिसते, हे आज सकाळी कळले. दोन तारखांपुढे लिहिले आहे: ‘फिर्यादी गैरहजर’. शाळेचा निवृत्त हेडमास्तर म्हणून जुन्या सामानाची देखरेख तुझ्याकडे होती, तेव्हा चोर कोण हे माहीत नसताना तू फिर्याद दिलीस, याचा मला राग नाही. कळल्यावर मागे घेतली नाहीस, याचा होता. आज सकाळपर्यंत होता. वकीलसाहेब सांगतात, फिर्यादी स्वतः येऊन बोलला तर बाई तडजोडीला परवानगी देतील. माझी तारीख तीच तुझी. येशील ना?

दुसरा ता. क. सूनबाईने पत्र तपासले. वर कवितेत मी ‘बावीस’ लिहिले होते (कानाला बरे वाटत होते). ते खोडून ‘एकवीस’ तिने केले आहे. निळी शाई तिची, तीच खरी धर.

शेवटचा ता. क. माझे कोपर तुझ्या बाजूला येते म्हणून तू कर्कटकाने बाकावर मधोमध रेघ मारली होतीस, आणि तरी आले की मास्तरांकडे जायचास. तेव्हापासूनच फिर्यादी! रेघ अजून तशीच आहे. बाक खिडकीशी ठेवला आहे. मी रोज उजवीकडेच बसतो, आणि कोपर आवरून धरतो.