मिस हार्टलींचा निष्कर्ष

४ नोव्हेंबर १९६९, मंगळवार

मिळालं काम! तीन आठवड्यांचंच, पण मिळालं. इंग्लंडहून एक बाई आल्या आहेत, मिस हार्टली. त्यांची संस्था गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांना मदत करते. आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पडवीत मिलमधल्या बायकांनी जी बालवाडी चालवली आहे, ती त्या पाहणार, बायकांशी बोलणार, अहवाल लिहिणार. मी दुभाषी. एम.ए. इंग्रजी, सेकंड क्लास – शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

बाई पन्नाशीच्या, उंच, काटक. पडवीत तीन खुर्च्या होत्या. पहिल्या खुर्चीवर बसल्या, उठल्या. दुसरीवर बसल्या, उठल्या. तिसरीवरूनही उठल्या आणि खाली सतरंजीवर मांडी घालून म्हणाल्या, ‘आय हॅव कम टू द कन्क्लूजन दॅट द फ्लोअर इज बेस्ट.’

मी चपापले. हे वाक्य मी पुस्तकात वाचलंय, पण तिथे ते न्यायाधीश म्हणतात. नाहीतर शास्त्रज्ञ. खुर्चीसाठी कुणी म्हणतं हे माहीत नव्हतं.

६ नोव्हेंबर

आज पुन्हा. रिक्षात छत्री या हातातून त्या हातात, मग पायाशी, मग मांडीवर. शेवटी – कम टू द कन्क्लूजन – की छत्री घरीच ठेवायला हवी होती.

एक लक्षात आलं. बाई हे लगेच म्हणत नाहीत. आधी चार गोष्टी करून बघतात, मग म्हणतात. आपण निष्कर्ष ‘काढतो’. यांचा निष्कर्ष कुठेतरी लांब बसलेला असतो आणि या चालत चालत तिथे ‘येतात’. वाटेतला दम त्या वाक्यात ऐकू येतो. नुसतं ‘आय थिंक’ म्हटलं तर तो येत नाही.

घरी सांगितलं. बाबा पोस्टात डाक वेगळी करतात, दिवसभर न बोलता काम. जेवताना म्हणाले, ‘भाजीत मीठ नाही, या निष्कर्षाप्रत मी आलो आहे.’ आई म्हणाली, ‘मीठ समोर ठेवलं आहे. तिथपर्यंत या.’

८ नोव्हेंबर

आज अंजनामावशीची मुलाखत. ही माझ्या आईची थोरली बहीण. बालवाडी हिनेच काढली. तीस वर्षं मिलमध्ये सूत गुंडाळलं, आवाज मिलच्या भोंग्यासारखा. शेजारी शोभाताई बसली होती, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन. ती रोज मुलांना सांभाळते. तिला मुलांची नावंच काय, कोणाला कशाने खोकला होतो तेही पाठ.

बाईंनी विचारलं, बालवाडी का सुरू केली? मावशी दहा मिनिटं बोलली. त्यात मिल होती, मुकादम होता, मुकादमाला दिलेली शिवी होती, घासलेट होतं, नवरा होता. मी म्हटलं, ‘शी सेज इट वॉज नेसेसरी.’

बाईंनी तेवढं लिहून घेतलं. मावशी त्या वहीत डोकावली. ‘मी इतकी बोलली अन् तिनं एवढंसंच लिहिलं? इंग्रजी चांगली भाषा आहे वं. थोडक्यात भागते.’

११ नोव्हेंबर

अनंतराव येऊन गेले. शहरातल्या एका संस्थेचे चिटणीस, इस्त्रीचा कोट. पडवीत पायसुद्धा न ठेवता म्हणाले, या बायकांना हे झेपणार नाही, एखादा शिकलेला पुरुष वर नेमा. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘ही इज जंपिंग टू कन्क्लूजन्स.’

म्हणजे निष्कर्षाकडे उडीही मारतात! मी विचारलं, मॅडम, तुम्ही कधी मारलीत? बाई विचारात पडल्या आणि मग खूप हसल्या. म्हणाल्या, खरं सांगू, असं स्वतःबद्दल कुणीच म्हणत नाही.

तर हा नियम. मी येते. दुसरा उडी मारतो. हे व्याकरण आमच्या कॉलेजात शिकवलं नाही.

१४ नोव्हेंबर

वांग्याचं भरीत. बाईंनी दोनदा वाढून घेतलं, पाणी प्यायल्या, मग निष्कर्षाला आल्या की वांग्याबद्दल आजवर त्यांचा गैरसमज होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाईंनी अहवालाचा कच्चा मसुदा दिला, नावांची स्पेलिंगं तपासायला. शेवटच्या पानावर ते वाक्य होतं. मी ओळखीचं माणूस दिसावं तशी हसले. मग पुढचं वाचलं.

निष्कर्षाला आले आहे की या बायका कमी बोलतात. स्वतःचं मत सांगत नाहीत. बालवाडी कुणी तरी सांगितलं म्हणून चालवत असाव्यात. तरी बाहेरचा एक शिकलेला पर्यवेक्षक नेमावा, मदत त्याच्या हाती द्यावी.

म्हणजे अनंतरावांचंच म्हणणं. बाई दोन आठवडे चालून तिथेच पोचल्या.

पुराव्याला बायकांची उत्तरं दिली आहेत. ‘इट वॉज नेसेसरी.’ ‘शी अग्रीज.’ ‘शी इज हॅपी.’ नऊ बायका आणि मिळून अकरा ओळी. त्यातली एकही ओळ कुठल्या बाईची नाही. सगळ्या माझ्या आहेत.

का कापलं मी? दमले म्हणून नाही. मला वाटलं, ते ‘मले-तुले’, त्या शिव्या, तो मुकादम – बाईंना काय वाटेल. आपली माणसं नीटनेटकी दिसावीत.



१७ नोव्हेंबर

मावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून हात थांबला.

‘तुले आमची लाज वाटली का?’

मी पदर डोळ्यांना लावला.

‘काहून रडून राहिली? मले रडणं नाही पाहिजे. तिले जाऊन सांग. मीच सांगितलं असतं, पण माह्या अन् तिच्या मधात तूच बसली आहेस.’

१८ नोव्हेंबर

सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. मग, ‘देन आय डिडन्ट कम टू इट, जया. आय वॉज टेकन.’ म्हणजे त्या स्वतः आल्याच नव्हत्या, मी हात धरून नेलं होतं.

रागावल्या होत्या. गोऱ्या माणसाचा राग लपत नाही, कान लाल होतात. उठून अंगणात गेल्या, दोन चकरा मारल्या. मला वाटलं, गेलं काम. परत येऊन विचारलं, माझ्या गाडीला किती दिवस आहेत? मी म्हटलं, सहा. मसुद्याचं शेवटचं पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं. म्हणाल्या, उद्यापासून एकेक वाक्य. जसं असेल तसं.

२० नोव्हेंबर

मावशीचं उत्तर, आज पूर्ण सांगितलं ते:

‘आमी मिलमध्ये जाओ तं पोट्टे घरी. मी माह्या पोराले लुगड्यानं खाटेच्या पायाले बांधून जाओ. सगळ्याच बांधत. एक दिवस शेजारच्या रुखमाच्या पोरीनं घासलेट पेलं. वाचली, पण वाचली नसती तं? आमी चौदा जणी मुकादमाकडं गेलो. तो हसला. मी त्याले शिवी हासडली. मंग विहारात गेलो. मान्सं म्हणाले, इथं पोट्ट्याइचा कल्ला नाही पाहिजे. माहा नवरा बी त्याइच्यात. मी म्हणलं, दीक्षा आमी बी घेतली, का तुमच्या मांगं नुसतं फिराले आलो होतो? दुसऱ्या दिवशी पडवी झाडली अन् पोट्टे आणून बसवले.’

शिवीपाशी मी अडखळले. बाई थांबून राहिल्या. मग मी तिचंही इंग्रजी केलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी मूळ शब्दाचंही स्पेलिंग विचारलं.

शोभाताई आज तासभर बोलली. मागच्या वेळी तिचं मी ‘शी इज हॅपी’ केलं होतं. ती सुखी वगैरे काही नाही. तिला छप्पर गळतं याचा राग आहे, मुलांना दूध मिळत नाही याचा राग आहे, आणि दोन्हींवर तिच्याकडे उपाय तयार आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

नवा अहवाल मी स्वतः टाइप केला. बायकांनी बारा वर्षं बालवाडी स्वतः ठरवून चालवली आहे. पर्यवेक्षिका त्यांनी आपल्यातून निवडावी. संस्थेने फक्त पगार द्यावा. अठ्ठावीस पानं, त्यातली वीस बायकांच्या बोलण्याची.

उद्या बाई जाणार. संस्थेशी पत्रव्यवहार इंग्रजीत होणार, म्हणजे पर्यवेक्षिकेची जागा कोणाकडे येईल हे उघड आहे. वस्तीत एम.ए. झालेली मी एकटीच. आईने इतवारीच्या बाजारातून माझ्यासाठी साडीसुद्धा आणली, रोज नेसायची, न चुरगळणारी.

३० नोव्हेंबर, रविवार

विहारात बैठक झाली. एकतीस बायका. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत प्रत्येक जण बोलली. पर्यवेक्षिका शोभाताई. चौथी पास.

माझं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही. अगदी शेवटी मावशीने घेतलं. ‘पत्रं जया लिहील. आमी सांगू ते.’

नवी साडी नेसून गेले होते. मग शोभाताई पत्र सांगायला लागली आणि मी सतरंजीवर पुढे सरकून बसले. तीन पानं झाली. एके ठिकाणी तिला थांबवून विचारलं, हे परत सांगता का, माझं सुटलं.