मस्टरवरचा लाल शेरा

चि. चिमीस,

ताईचे आशीर्वाद. नको असले तरी घे, परत घ्यायची सोय नाही. अशक्तपणा गेला का? जेवण जातं का? मावशीचे गुडघे काय म्हणतात? (फोन उचलला असतास तर एवढी शाई लागली नसती. पण तीन आठवडे झाले, मी फोन केला की मावशी म्हणते, ती अंघोळीला गेलीय. इतक्या अंघोळी माणूस करत नाही.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही.

तुझा राजीनामा माझ्या खणात पडून आहे. वॉर्डाची इनचार्ज म्हणून तो मी तेव्हाच वर पाठवायला हवा होता, पाठवला नाही. तुझं म्हणणं एवढंच होतं, मस्टरवरचा माझ्या नावापुढचा लाल शेरा काढ, मग मी राजीनाम्याचं बघते. आणि मी तुला काय सांगितलं, तर मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही! सख्ख्या बहिणीला! माझी मलाच लाज वाटते.

तू गेल्यापासून वॉर्डाचे जे हाल आहेत ते विचारू नकोस (तू विचारणार नाहीसच, म्हणून सांगते). मंगळवारी चौघी आजारी पडल्या. एकीची पाठ, एकीच्या मुलाला ताप, आणि उरलेल्या दोघींनी थर्मामीटरचा फोटो पाठवला. दोघींनी एकच फोटो पाठवला. मी रडकुंडीला येऊन तक्तेसाहेबांकडे गेले, तर आपल्या त्या व्यवस्थापकांनी तक्ता काढून सिद्ध केलं की वॉर्डात दोन नर्सेस जास्त आहेत. त्यात बाळंतपणाच्या रजेवरची धरली होती आणि गेल्या वर्षी निवृत्त झालेलीही. मी म्हटलं, साहेब, तक्त्यातल्या बायका सलाईन लावत नाहीत. तेव्हा त्यांना काय वाटलं कोण जाणे, बाह्या सरसावून स्वतःच मदतीला आले. नऊ नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांनी त्यांच्या हातात भरलेलं भांडं दिलं. ते धरून साहेब वीस मिनिटं वॉर्डभर फिरले, घ्यायला कुणी आहे का बघत. कुणीच नव्हतं. मला वाटलं, चला, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवीन तक्ता लागला, भांडं कुणी कुठे न्यावं याचा.

पण साहेबांना नावं ठेवून मी कुठे सुटते? आजारी पडणारीने आपली बदली आपणच शोधायची, हा नियम त्यांचा नाही, माझा आहे. फोनवर खोकून दाखवायला लावते तीही मीच. इतकी वर्षं खोटे खोकले ऐकून माझे कान असे झालेत की खरा खोकलाही ओळखू येत नाही.

त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "ताई, उभं राहवत नाही गं." मी म्हटलं, ड्यूटीवर मी ताई नाही, बदली शोध. (बाकीच्या म्हणतील बहिणीला झुकतं माप देते, ही भीती. आता सगळ्या जे म्हणतात ते ऐकलं की वाटतं, झुकतं माप परवडलं असतं.) एवढ्या तापात तू नऊजणींना फोन केलेस, कुणी मिळेना म्हणून आलीस, आणि पाच नंबरच्या आजींची चादर ओली दिसली म्हणून सही न करता आधी चादरी आणायला गेलीस. तिथेच कोसळलीस. दीड तास तू त्या चादरींच्या खोलीत पडून होतीस आणि कुणाला पत्ता नाही, कारण पत्ता लागायला वॉर्डात माणूस तर हवं. मी मात्र घड्याळ बघून लाल पेनाने लिहिलं, 'न सांगता गैरहजर'. वर पेशंटांसमोर तोंडसुख घेतलं तुझ्यावर, की घरचेच असे तर बाहेरच्यांना काय बोलायचं. चादरी संपल्या म्हणून मी दार उघडलं. तू डोळे उघडलेस आणि मला विचारलंस, "बदली मिळाली का?"

चिमे, मला ते विसरता येत नाही. जेवताना आठवतं, मस्टर उघडलं की आठवतं. चुकलं माझं. यात पण-बिण काही नाही.

मावशीला नमस्कार सांग. औषधं वेळेवर घे.

तुझीच,
ताई

ता. क. शुक्रवारची दुपारची पाळी रिकामी आहे. सहज सांगितलं.

ता. क. २. वरची ओळ वाचू नकोस. जित्याची खोड, जाता जात नाही. खोडणार होते, पण खाडाखोड बरी दिसत नाही.

ता. क. ३. मस्टरमध्ये मात्र केली. शेरा खोडला, 'हजर' लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे, माझं इनचार्जपद जाईल असं दिसतं. जाऊ दे. खुलासा दोनच ओळींचा दिला, त्याची नक्कल तुझ्यासाठी खाली करते:

'सिस्टर कामावर हजर होत्या.
मी पाहिलं नाही.'