आधी धाव, मग उडी

गुरुजी,

या हिवाळ्याची खरी किंमत आधी सांगून टाकतो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे सगळे शनिवार-रविवार गेले. घसा दोनदा बसला. साडूच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मी मांडवात नव्हतो, ते बायकोनं अजून सोडलेलं नाही आणि सोडेल असं दिसतही नाही. हे सगळं भरून काढता येईल. पण पौष वद्य षष्ठी गेली, ती येत नाही. तुम्ही गेल्यापासून तुमची तिथी मी एकदाही चुकवली नव्हती. गल्लीतल्या लोकांचा महिना पौर्णिमेलाच बदलतो, ते तोवर माघ मोजू लागलेले असतात, आपल्या घरांत अजून पौष चालू असतो, म्हणून कुणाला विचारायची सोय नसते, आपलं आपणच लक्षात ठेवायचं. दर वर्षी रामघाटावर तुमच्या घरी यायचं, खालच्या खोलीत भिंतीशी बसून वेदातलं येतं तेवढं म्हणायचं, दीड-दोनला पान मांडलं की जेवायचं. या वर्षी त्या वेळेला मी माझ्या स्टुडिओत कानाला हेडफोन लावून, फिनलंडमधल्या बर्फावर कोण पुढे आहे ते सांगत बसलो होतो.

स्टुडिओ म्हणजे सोनारपुऱ्यात दोन खोल्या. भिंतींना गादीवाल्याकडून शिवून घेतलेल्या रजया ठोकल्यात, त्यामुळे गल्लीतला सांड आत ऐकू येत नाही. माझी सुरुवात तुम्हाला माहीत आहेच: भाड्याचा भोंगा, साड्यांच्या दुकानांची पुकार, निवडणुकांच्या रिक्षा, मग नावेत वाजणाऱ्या काशीदर्शनाच्या टेपा. आता फोनवर खेळ दाखवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला जगातला प्रत्येक खेळ प्रत्येक भाषेत हवाय. मराठीतून बर्फातल्या खेळांची कॉमेंट्री करायला मुंबईत कुणी राजी नव्हतं, म्हणून ते फिरत फिरत काशीपर्यंत आले. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "सर, बर्फ बघितलाय का कधी?" मी म्हटलं, "लस्सीच्या दुकानात." बाई हसल्या, आणि हसलेला माणूस नाही म्हणत नाही हे मी भोंग्याच्या दिवसांपासून ओळखून आहे. तर असा एक अख्खा हंगाम, नाशिकपासून नागपुरापर्यंत, नॉर्डिक कंबाइन्ड म्हणजे काय ते महाराष्ट्राला तुमच्या विद्यार्थ्यानं सांगितलं. थोडी छाती फुगली तर फुगू द्या.

खेळ सांगतो, तुम्हाला आवडला असता. एकाच माणसानं दोन कामं करायची आणि दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही. आधी पायाला लांब पट्ट्या बांधून, पंचगंगेच्या धरहऱ्याच्या उंच मिनारावरून सोडून द्यावं तशा उतारावरून घसरत यायचं आणि हवेत झेपावायचं. तिथे अंग हलकं हवं, श्वास धरलेला हवा. मग काही वेळानं त्याच माणसानं दहा किलोमीटर बर्फात धावायचं. तिथे छाती बैलासारखी हवी. उडीत पहिला आला तो धावायला आधी सुटतो. दुसरा जितक्या गुणांनी मागे पडला असेल, त्या हिशेबानं काही सेकंद थांबून सुटतो, तिसरा त्याच्यामागून. त्यामुळे शेवटची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. मला ही व्यवस्था फार पटली. उडी टेकते कशी, याचेही गुण असतात. एक पाय पुढे, एक मागे, असं गुडघ्यात वाकून टेकायचं. हेडफोनमध्ये ते ऐकू येतं, गुरुजी! नीट टेकला तर एकामागोमाग एक असे दोन आवाज, आणि घाबरून दोन्ही पाय एकदम टाकले तर एकच थाड. परीक्षकांचे गुण पडद्यावर यायच्या आत मी सांगतो, की इथे गुण कापले जाणार. आमचा मशीन सांभाळणारा बंगाली टोल्यातला दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पहिल्या आठवड्यात म्हणाला, "पंडितजी, आप आँख बंद करके देखते हैं क्या?" मी म्हटलं, आमच्याकडे असंच शिकवतात.

खरंच तसंच शिकवायचात तुम्ही. थंडीच्या सकाळी आम्ही चौघं चटईवर, तुम्ही पाटावर, डोळे मिटलेले. चुकलं की तुम्ही चूक सांगत नव्हतात. बरोबर शब्द तर कधीच नाही. नुसतं "हं?" म्हणायचात आणि थांबायचात. मग ज्याचा त्यानं मागे जायचं, कुठे घसरलो ते स्वतः शोधायचं, तिथून पुन्हा उचलायचं. त्या "हं"नंतर कितीही वेळ गेला तरी तुम्हाला घाई नसायची. आत काकू भाजी चिरत असायच्या, आणि मी अडकलो की विळीचा आवाजसुद्धा थांबायचा.

क्रमपाठ मी भराभर उचलला. पहिला शब्द दुसऱ्याला जोडायचा, दुसरा तिसऱ्याला, असं पुढे पुढे जायचं. त्यात मी चौघांत पुढे असायचो. मग जटापाठ आला. पहिला-दुसरा म्हणायचं, उलटं फिरून दुसरा-पहिला म्हणायचं, आणि पुन्हा पहिला-दुसरा. माझी जीभ वळेचना. पुढचा शब्द दिसत असताना मागे का जायचं, हे डोक्यात शिरत नव्हतं. एक दिवस तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "तुला पळायला आवडतं. वळायला सांगितलं की मान आखडते तुझी." बाकीचे तिघे हसले. मला ते लागलं. मी सतरा वर्षांचा होतो आणि गोदौलियावरच्या भोंगेवाल्यानं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, की माघाच्या गर्दीत खोया-पायाच्या, म्हणजे हरवल्या-सापडल्यांच्या तंबूत मराठी-हिंदी दोन्ही बोलणारा गळा हवाय. दुसऱ्या दिवशी तुम्हाला नमस्कार केला आणि म्हटलं, आईला बरं नाही, ग्वाल्हेरला जाऊन आठ दिवसांत येतो. तुम्ही म्हणालात, "जा. तिला सांभाळ."

आई ठणठणीत होती. मी घाटावर होतो.

आठ महिन्यांनी पेढे घेऊन आलो तेव्हा कहाणी तयार ठेवली होती. आजारपण लांबलं, मग घरात अडचणी, मग हे भोंग्याचं काम मिळालं. तुम्ही ती विचारलीच नाही. नुसतं म्हणालात, "आई बरी आहे ना?" मी म्हटलं, "हो." तुम्ही थोडं थांबलात, मग म्हणालात, "बरं." आणि आत जाऊन स्वतःचा लोकरी मफलर आणून दिलात. "घाटावर वारं असतं, घसा झाकत जा." पुढे तुम्ही होतात तोवर जेव्हा जेव्हा आलो, तेव्हा पहिला प्रश्न तोच. आई बरी आहे ना? लग्नाची पत्रिका द्यायला आलो तेव्हाही. आई माझ्या शेजारी उभी होती, गुरुजी, तरी तुम्ही मला विचारलंत. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाचं असंच होतं.

आता या षष्ठीचं सांगतो. त्या दिवशीची शर्यत उलटी होती. हंगामात क्वचित तसं ठेवतात, आधी सगळे एकदम धावतात आणि उडी मागून असते, निकाल उडीनंतर. मुंबईहून तसं लिहून आलं होतं, ते मी वाचलंही होतं. पण अकरा वाजल्यापासून लाइन जोडून बसलो होतो, लक्ष सारखं घड्याळाकडे, आता तिकडे पान मांडलं असेल. सगळे सुटले, माझी जीभ नेहमीच्या रस्त्यानं सुटली. नॉर्वेचा एक शेवटच्या चढावर निसटला आणि मी त्याला असा काही नेला, असा नेला, की रजयासुद्धा थरारल्या असतील. त्यानं रेघ ओलांडली आणि मी जाहीर केलं, हाच आजचा विजेता! अभिनंदन केलं, त्याच्या आईवडिलांचंही केलं.

मध्यंतर झालं. दादानं हेडफोन काढला, चहाचा मातीचा पुरवा पुढे केला आणि हळूच म्हणाला, "पंडितजी, कूदना तो अभी बाकी है."

मुंबईच्या बाई लाइनवर होत्या. म्हणाल्या, "सर, टेन्शन नका घेऊ. उडीपासून सरळ पुढे चला. तसंही कुणाच्या लक्षात येत नाही. वर कळलं तर पुढच्या हंगामाला तुमचं नाव लावणं मला जड जाईल." त्यांचं बरोबर होतं. धंदा मलाही कळतो. माझ्या जागी कुणी दुसरा असता तर मीही त्याला हेच सांगितलं असतं. मी "ठीक आहे" म्हटलंसुद्धा. मग उडीचं चित्र सुरू झालं, माइकचा लाल दिवा लागला आणि दोन-तीन क्षण मी काहीच बोललो नाही. कानात नुसतं तिकडचं वारं वाहत होतं. तुम्ही थांबायचात तसंच ते थांबल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "मंडळी, मघाशी मी चुकलो. आज आधी धाव होती, आता उडी आहे. ज्याला विजेता म्हटलं तो अजून जिंकलेला नाही. मी मागे जातो आणि पुन्हा सांगतो." आणि सुरुवातीपासून सांगितलं. नॉर्वेवाला शेवटी तिसरा आला. एकच थाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटावर गेलो. काकू आता पंच्याऐंशीच्या आहेत, वरून खाली उतरत नाहीत.

"पान वाढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मग गायीला घातलं."

"काकू, काल बर्फात अडकलो होतो."

"ठाऊक आहे. नातसुनेनं फोनवर लावून दिलं होतं. काय रे ती पोरं उड्या मारतात, आया कशा बघत असतील! बायकापण मारतात का?"

"मारतात. पण ऑलिंपिकात त्यांना अजून घेत नाहीत."

"का?"

"नियम आहे."

"असेल," काकू म्हणाल्या. ज्या बाईला आतून ऐकून ऐकून आमच्या चौघांपेक्षा जास्त पाठ होतं, ती एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तू काल मध्येच थांबलास. चुकलो म्हणालास. मागे गेलास."

मी थोडा फुशारलोच. म्हटलं, "अख्ख्या महाराष्ट्रासमोर कबूल केलं, काकू."

"ते असते तर बरं वाटलं असतं त्यांना," त्या म्हणाल्या. "वाट बघायचे रे तुझी. तू ग्वाल्हेरला जातो म्हणून गेलास ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी हे पहाटे स्नानाहून आले, ओल्या पंच्यानं तसेच दारात उभे. म्हणाले, पोराचा आवाज भोंग्यातून येतोय. नांदेडच्या कुणा म्हातारीला हाका मारतोय. मी म्हटलं, जा आणि कान धरून आणा. तर म्हणाले, नको. शब्द मी देणार नाही. तो मागे वळेल तेव्हा स्वतः सांगेल."

काकूंनी नातसुनेला चहा टाकायला सांगितलं. खाली कुणीतरी पाण्याची मोटार सुरू केली. मी मोजू लागलो की तुम्ही मला किती वेळा विचारलंत. पेढ्यांच्या वेळी, पत्रिकेच्या वेळी, थोरली मुलगी झाली तेव्हा, स्टुडिओचं कुलूप पहिल्यांदा उघडलं तेव्हा. शेवटच्या आजारातसुद्धा, आवाज उरला नव्हता तेव्हा, मी उशाशी बसलो आणि तुम्ही ओठ हलवलेत, "आई...?" आणि मी तुमचा हात दाबून म्हटलं, "बरी आहे, गुरुजी, एकदम बरी आहे." एवढे कान तयार केलेत तुम्ही माझे. पाय कसा टेकला ते मला हजारो मैलांवरून कळतं. पण समोर बसून तुम्ही वर्षानुवर्षं "हं?" म्हणत होतात, ते मला चौकशी वाटली.

म्हणून आता मागे जातो. आई आजारी नव्हती. मला जटा येत नव्हती आणि तिघे हसले होते. मी ग्वाल्हेरला गेलो नाही, तुमच्या घरापासून चालत पाऊण तासावर होतो. आठ दिवसांत येतो म्हणालो तेव्हाच यायचं नाही हे ठरलेलं होतं. एवढंच होतं, आणि एवढं तुम्हाला एकट्याला सांगायला मला जमलं नाही.

पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. हंगामाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून देईन. पुढच्या षष्ठीला कंपनीची कुठलीही शर्यत असो, मी खालच्या खोलीत असेन, हे बाईंना कळवलंय. त्यांनी ते मानलं, आणि दुसऱ्या हंगामालाही हो म्हटलं. मी चकित झालो. म्हटलं, त्या दिवशीच्या चुकीबद्दल वरून कुणी काही बोललं नाही? बाई जरा घुटमळल्या, मग त्यांनी आकडा सांगितला. त्या दिवशी मराठीतून ऐकणारे सहा जण होते. एक फोन आमच्या स्टुडिओतला, आवाज नीट जातोय का ते बघायला दादानं लावलेला, आणि एक काकूंच्या घरचा.