चालीतला चौथा सूर

प्रिय दादा,

तू व्हिडिओ गेमसाठी बांधलेली चाल माझी नात नव्याने करते आहे. त्या जुन्या यंत्रात एका वेळी तीनच सूर वाजत. चौथा तिने आपल्या मनाने घातला.

"आजोबा, मोठ्या आजोबांची चाल बिघडली नाही ना?"

शाळेत कविता म्हणताना डोलायचो, तसा मी डोलत होतो. म्हणालो, "अगं, हा सूर त्याचाच. यंत्रात मावला नाही, म्हणून गाळला." आता ती त्या सुरालाही तुझंच नाव देणार आहे.

दादा, एका दुपारी गच्चीवर तू तो सूर मला गुणगुणून दाखवला होतास ना? की तिचाच सूर मला तुझा वाटला? तू नाही म्हणालास, तर तिचं श्रेय तिला मिळेल, पण माझी ती दुपार जाईल. पत्र पाकिटात घालतो, पुन्हा काढतो.

तुझा गोंधळलेला,
धाकटा